कुलूप लावल्यापासून

काकांची परवानगी घेऊन लिहितोय. म्हणजे रीतसर अशी नाही, पण मागे एकदा गणपतीत, जेवणं झाल्यावर ओटीवर हा विषय निघाला आणि ते म्हणाले, "लिही की. माझं नाव तेवढं घालू नकोस." म्हणून कुणाचंच नाव घालत नाही. गाडीच्या कंपनीचंही नाही, कारण तिची यात काडीचीही चूक नव्हती. नात्यातली जी मंडळी हा ब्लॉग वाचतात त्यांना सगळं कळेलच. बाकीच्यांचं न कळून काही बिघडत नाही.

गोष्ट २००७ सालच्या आंब्याच्या सीझनची. आमचं गाव हातखंब्याच्या जवळ. काकांची स्वतःची कलमं थोडी, पण आजूबाजूच्या दोन-तीन बागा ते कराराने घेत आणि पेट्या भरून कोल्हापूरला पाठवत. पाठवत म्हणजे आपल्याच गाडीतून. काकांची पिकअप होती, १९९४ सालची. एके काळी पांढरी असावी. चार सिलिंडरचं डिझेल इंजिन, मागे लोखंडी हौदा, आणि दार आपटल्याशिवाय लागत नसे. आपटायचीही एक विशिष्ट पद्धत होती, ती फक्त तात्यांना जमायची.

तात्या म्हणजे गाडीचे ड्रायव्हर. घरात सगळेच त्यांना तात्या म्हणत, काकासुद्धा, आणि वयाने काका मोठे होते तरी. अकरा वर्षं ते गाडीवर होते. पाली, नाणीज, साखरपा, मग आंबा घाट, मलकापूर, बांबवडे आणि कोल्हापूर. हा रस्ता त्यांना इतका पाठ होता की कुठल्या वळणावर गिअर बदलायचा हे ते बोलता बोलता करत, बोलणं न तोडता. मी कॉलेजात असताना सुट्टीत दोन-तीनदा त्यांच्याबरोबर गेलोय. रात्री अकराला निघायचं, पहाटे मार्केट यार्डात पोचायचं, सकाळच्या सौद्याला पेट्या लागल्या पाहिजेत. सौदा चुकला की त्या दिवसाचा भाव गेला, आणि हापूस काही तुमच्यासाठी थांबत नाही, तो आपला पिकत राहतो.

त्या वर्षी मार्चपासून गाडीने त्रास द्यायला सुरुवात केली. साखरपा सोडून घाट चढायला लागलं की इंजिनाचा दम जायचा. अ‍ॅक्सिलरेटर दाबावा तर गाडी उचल घेत नाही, दोन-चार गचके, आणि बंद. दहा-पंधरा मिनिटं उभी राहिली की काहीच झालं नाही अशी सुरू व्हायची. घाटमाथ्यापर्यंत पुन्हा एकदा. शिवाय सकाळी थंड असताना ती मिसिंग मारायची. म्हणजे तीन सिलिंडर काम करताहेत आणि चौथं मनाला येईल तेव्हा, त्यामुळे अख्खी गाडी थरथरतेय आणि मागून पांढरा धूर. पन्नासेक पेट्या हौद्यात आणि गाडी घाटात उभी, असं महिन्यात पाच-सहा वेळा झालं. दोनदा सौदा चुकला.

एप्रिलमध्ये काकांचा फोन आला. मी तेव्हा हिंजवडीत. डिग्री मेकॅनिकलची, काम सॉफ्टवेअरचं. आमच्या पिढीत असे कितीतरी आहेत. पण घरी तुम्ही एकदा मेकॅनिकल इंजिनिअर झालात की झालात. मिक्सर बिघडला तरी फोन तुम्हालाच.

काकांनी सगळं सांगितलं. फिल्टर दोनदा बदलला, फरक नाही. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मला जरा वेगळाच संशय आहे. मध्यंतरी डिझेल जास्त जायला लागलं होतं. म्हणून जानेवारीत मी टाकीला कुलपाचं झाकण बसवलं. आता हातखंब्याच्या तिठ्यावर मी स्वतः उभा राहून टाकी फुल करतो नि चावी माझ्याकडे. फुल टाकीत जाऊन-येऊन होतं. तर हा वर काय बोलतो माहितेय? म्हणे, कुलूप लावल्यापासून गाडी बंद पडते!"

मी हसलो. खरंच हसलो, आठवतंय मला. टोमणा म्हणून तो चांगलाच होता.

आणि मग मी माझं मत दिलं. मला कुणी लक्षणं सांगितली की मत न देता राहवत नाही, हा दोष अजून गेलेला नाही. मी म्हणालो, "काका, भेसळ असणार. रॉकेल." त्या काळी रेशनवरचं निळं रॉकेल डिझेलपेक्षा कितीतरी स्वस्त होतं आणि ते डिझेलात जायचं, हे सगळ्यांना माहीत होतं. मी थोडं शास्त्रही सांगितलं. डिझेल हे नुसतं जळण नाही, इंजेक्शन पंपातल्या बारीक दट्ट्यांचं वंगणही तेच. रॉकेल पातळ. ते गेलं की दट्टे झिजतात, नोझल खराब होतात, दाब येत नाही, चढावर दम जातो. सगळं बरोबर होतं. पुस्तकातलं प्रत्येक वाक्य बरोबर. फक्त त्याचा आमच्या गाडीशी संबंध होता का, हे मी गाडी न बघता, साडेतीनशे किलोमीटरवरून, चहा पिता पिता ठरवलं होतं.

काकांना एवढंच हवं होतं. टाकीला कुलूप असताना तात्या रॉकेल घालणार कसं, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही, मीही नाही. (नंतर काकांचं म्हणणं असं की कुलपाच्या आधीच घातलं असेल आणि पंप तेव्हाच गेला असेल. माणसाला एकदा संशय आला की त्याला पुरावा जुळवून घेता येतो.) चार दिवसांनी तात्यांचा हिशेब झाला. भर सीझनमध्ये. काकूने मला फोनवर सांगितलं की ते काही बोलले नाहीत, गाडीची चावी ओटीवर ठेवली, पाणी प्यायले आणि गेले.

मे महिन्यात मी पंधरा दिवसांच्या रजेवर गावी गेलो. गाडीवर नवा मुलगा होता, बावीस-तेवीस वर्षांचा, मोबाइलवर गाणी लावणारा. आणि गाडी घाटात बंद पडतच होती. त्याच जागी, तशीच.

काका म्हणाले, "रॉकेलने पंप खाल्ला. तूच म्हणालास ना." काकूने ताक पुढे केलं आणि माझ्याकडे बघितलं नाही. तेव्हा पहिल्यांदा मला पोटात कसंतरी झालं. पंप उतरवून दुरुस्तीला द्यायचा म्हणजे त्या वर्षीच्या उरलेल्या सीझनची कमाई त्यात जाणार होती. म्हटलं, उतरवण्याआधी एकदा नीट बघू या. आपण म्हणालो ते तरी खरं आहे का.

पालीच्या बाजूला एक मिस्त्री होते. पत्र्याची शेड, समोर आंब्याचं झाड, झाडाला चेन-ब्लॉक. बोलणं अगदी कमी. मी माझी रॉकेलची थिअरी त्यांना सांगितली तर त्यांनी ऐकून घेतली आणि विचारलं, "बंद पडते नि मिसिंग मारते, दोन्ही एकदम चालू झालं का?"

मला माहीत नव्हतं. काकांनी आठवून सांगितलं की मिसिंग जुनंच आहे, गेल्या पावसाळ्यानंतरचं. बंद पडणं मार्चमधलं.

"मग दोन आजार आहेत," मिस्त्री म्हणाले. "एकाच औषधाने दोन्ही कसे जातील?"

हे इतकं साधं होतं की मी गप्प झालो. आठवडाभर मी एकच कारण शोधत होतो ज्याने सगळी लक्षणं बसतील. पुस्तकी माणसाला असं एकच देखणं कारण फार आवडतं.

डिझेल इंजिनाचं एक बरं असतं, त्यात ठिणगीची भानगड नाही. पेट्रोलच्या गाडीत मिसिंग आलं की प्लग बघा, प्लगच्या वायरी बघा, डिस्ट्रिब्युटर बघा, असं लांबलचक प्रकरण. डिझेलमध्ये सिलिंडरातली हवा दट्ट्याने वीस-बावीसपट दाबायची, ती दाबल्यामुळेच इतकी तापते की त्यात डिझेलचा फवारा मारला की तो आपसूक पेटतो. रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली चालवून दाखवलेलं इंजिन याच तत्त्वाचं. तेव्हा एखादं सिलिंडर काम करत नसेल तर एक तर तिथे डिझेल नीट पोचत नाही, किंवा पोचतं पण फवारा होत नाही, किंवा हवा नीट दाबली जात नाही. बस्स.

कुठलं सिलिंडर ते शोधायची मिस्त्रींची पद्धत मी पहिल्यांदाच बघितली. गाडी सुरू ठेवली. पंपाकडून चार नोझलना चार पोलादी नळ्या जातात. सतरा नंबरचा पाना घेऊन त्यांनी पहिल्या नोझलवरचा नट अर्धा फेरा सैल केला. डिझेल बाहेर फसफसलं आणि इंजिनाचा आवाज पडला, थरथर वाढली. म्हणजे ते सिलिंडर काम करत होतं, आपण ते बंद पाडलं. नट आवळला. दुसरं, तसंच. तिसऱ्याचा नट सैल केला आणि काहीच झालं नाही. आवाज तोच, थरथर तीच. जो कामच करत नाही त्याला सुट्टी दिली काय नि न दिली काय!

इंजिन बंद करून त्यांनी तिसरं आणि दुसरं नोझल काढून एकमेकांच्या जागी बसवलं, खाली नवे तांब्याचे वायसर घालून. पुन्हा गाडी सुरू, पुन्हा तोच पाना. आता दुसरं सिलिंडर मुकं झालं. आजार नोझलबरोबर सरकला. म्हणजे सिलिंडर ठीक, पंपही त्या सिलिंडरला डिझेल देतोय, दोष नोझलचा. ते नोझल रत्नागिरीला पंप-नोझलचं काम करणाऱ्याकडे पाठवायचं ठरलं. अर्ध्या तासात, एक पाना आणि दोन वायसर यांच्यावर. मला माझ्या डिग्रीची फी आठवली.

बंद पडण्याचं प्रकरण मात्र असं शेडमध्ये बसून सुटणारं नव्हतं, कारण शेडमध्ये गाडी बंद पडतच नव्हती. चालत्या डिझेल गाडीला मरायला कारण जवळजवळ एकच, डिझेल मिळत नाही. मिस्त्रींनी आधी पंपावरच्या सोलेनॉइडची वायर हलवून बघितली, ती घट्ट होती. फिल्टरच्या तळाचा बोल्ट उघडून पाणी काढलं, चमचाभर निघालं. मग ते मला म्हणाले, "लेव्हलची नळी आणा."

गवंडी लोक दोन भिंतींची पातळी बघायला पारदर्शक प्लॅस्टिकची नळी वापरतात, ती. हार्डवेअरच्या दुकानातून एक मीटर आणली. फिल्टरच्या आधीची काळी रबरी नळी काढून तिच्या जागी ही लावली. हातपंप मारून एअर काढली, गाडी सुरू केली आणि आम्ही तिघं बोनेटमध्ये डोकं घालून त्या नळीकडे बघत बसलो. डिझेल वाहताना दिसत होतं, गवती चहासारखं फिकट पिवळं. आणि त्यात अधूनमधून एक बुडबुडा. मग दोन. मग बारीक माळ.

"एअर घेतेय," मिस्त्री म्हणाले.

आता इथे एक गंमत आहे, जी मला तोवर कधी नीट उमगली नव्हती. टाकीपासून इंजिनापर्यंतच्या नळीत डिझेल ढकललं जात नाही, ओढलं जातं. म्हणून या बाजूला कुठे सांधा सैल असला तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. खाली एक थेंब दिसत नाही, सगळं कोरडं ठणठणीत, आणि आतून गाडीचा श्वास कोंडतो. काका तीन महिने गाडीखाली वाकून गळती शोधत होते. गळती होती, पण उलटी.

सगळे सांधे आवळले, क्लिपा बदलल्या. बुडबुडे कमी झाले, गेले नाहीत. शेवटी मिस्त्री म्हणाले की टाकीच बाजूला काढून बघू. त्यांनी पाच लिटरचा एक कॅन केबिनमध्ये माझ्या पायाशी ठेवला, त्यातून एक नळी इंजिनाकडे आणि इंजिनातून परत येणाऱ्या डिझेलचीही नळी त्याच कॅनमध्ये. टाकीचा संबंधच नाही. हौद्यात वजनासाठी दगड भरले आणि आम्ही घाटाकडे निघालो. गाडी मिस्त्री चालवत होते, मधे मी कॅन दोन्ही पायांत धरून, कडेला काका. केबिनमध्ये डिझेलचा असा वास की मला अजून तो आला की त्या दुपारचं ऊन आठवतं.

साखरपा गेलं. चढ सुरू झाला. काका सरळ समोर बघत होते. गाडी ज्या वळणावर हमखास मरायची ते आलं, गेलं. पुढचं आलं, गेलं. तीन सिलिंडरवर लंगडत, धूर सोडत, पण एकदाही न गचकता गाडी घाटमाथ्याला आंबा गावात पोचली. तिथे चहा घेतला. मिस्त्री म्हणाले, "पंप चांगला आहे. याला हात लावायचा नाही."

मी मनात हिशेब करत होतो. पंप चांगला. म्हणजे रॉकेलने पंप खाल्लेला नाही.

परत आल्यावर कॅन काढून पुन्हा टाकीची नळी जोडली आणि दुसऱ्या दिवशी तोच फेरा केला. आता मात्र गाडी घाटात बंद पडावी अशीच आमची इच्छा होती. आणि ती पडली नाही! थोडी गुदमरली, पण चढली. मिस्त्रींचाही चेहरा पडला. परत येताना मी सहज काट्याकडे बघितलं. टाकी निम्म्याच्या खाली होती.

"काका, गाडी बंद पडते तेव्हा टाकी किती असते?"

"फुल. मी सांगितलं ना तुला, निघताना फुल करूनच देतो."

"आणि येताना? कोल्हापूरहून परत येताना कधी बंद पडलीय?"

काका विचारात पडले. येताना नाही. येताना गाडी रिकामी असते, घाट उतरायचा असतो, असं ते म्हणाले. ते खरंच होतं. पण येताना टाकीही निम्मी असते.

मग मला दिसलं. म्हणजे अक्षरशः डोळ्यांपुढे टाकी उघडल्यासारखं दिसलं. पंचावन्न लिटरची टाकी काठोकाठ भरली तरी वर पाचेक लिटरची हवा राहते. साखरप्यापुढे जाईपर्यंत चार लिटर डिझेल जळतं. त्याच्या जागी बाहेरून हवा आत यायला हवी. ती आलीच नाही, तर आतली पाच लिटर हवा नऊ लिटरच्या जागेत ताणली जाते आणि तिचा दाब निम्म्याच्या आसपास येतो. मग ओढणाऱ्या पंपाने कितीही ओढलं तरी टाकी डिझेल सोडत नाही, उलट जिथे म्हणून सांध्यात फट मिळेल तिथून हवा खेचली जाते. तेच ते बुडबुडे. आणि टाकी अर्धी असेल तर? तीस लिटर हवेची चौतीस होते, काही बिघडत नाही. बाटलीतलं सरबत स्ट्रॉने ओढताना बाटलीचं तोंड ओठांनी घट्ट बंद करून बघा. तेच.

बाहेरची हवा आत कुठून येते? झाकणातून. मूळ झाकणाला बारीक भोक असतं, त्यासाठीच.

हातखंब्याला टाकी फुल केली. कुलूप लावलं. मिस्त्रींना मी काही सांगितलं नाही, काकांनाही नाही. घाटात, त्याच वळणाच्या जरा आधी, गाडीने दोन गचके दिले आणि मेली. मी खाली उतरलो आणि काकांकडे हात पुढे केला. "चावी द्या."

काकांनी शर्टाच्या वरच्या खिशातून चावी काढली. ती त्यांच्या देवघराच्या चावीबरोबर एकाच रिंगमध्ये होती. मी कुलूप फिरवलं, झाकण अर्धं वळवलं, आणि टाकीने श्वास घेतला. सूंऽऽ असा लांबलचक, माणूस पाण्यातून वर आल्यावर घेतो तसा. तो संपेपर्यंत आम्ही तिघंही हललो नाही. मग मिस्त्री गाडीत बसले, हातपंप मारायलाही लागला नाही, पहिल्या सेल्फला इंजिन सुरू झालं.

झाकण हातात घेऊन बघितलं. छान जड, चकचकीत, कुलूप एकदम पक्कं. भोक कुठेच नाही.

जानेवारीत झाकण बसवलं. फेब्रुवारीत गाडी उभीच होती. मार्चमध्ये सीझन सुरू झाला आणि पहिल्या आठवड्यापासून गाडी बंद पडायला लागली. त्याआधी अकरा वर्षं तात्या वाटेत लागेल तसं डिझेल भरत, झाकण उघडत, लावत. आता ना त्यांच्याकडे चावी, ना झाकण उघडून बघायची सोय. त्यांच्याजवळ फक्त एक निरीक्षण होतं आणि ते त्यांनी मालकाला जसंच्या तसं सांगितलं होतं. कुलूप लावल्यापासून गाडी बंद पडते. त्यात टोमणा कसला? तो सरळसरळ निदान होता, तारखेसकट. आणि मी, मेकॅनिकल इंजिनिअर, फोनवर हसलो होतो.

घरी येईपर्यंत कुणी बोललं नाही. फक्त हातखंब्याजवळ काका एकदम म्हणाले, "पण मग नोझल कशाने गेलं?" त्यांना कुठेतरी टेकायला जागा हवी होती. मला त्यांचा राग आला नाही, कारण मीही तीच जागा शोधत होतो.

त्याचंही उत्तर दोन दिवसांनी रत्नागिरीहून आलं. नोझल मशिनवर लावून मी स्वतः बघितलं. चांगलं नोझल धुक्यासारखा फवारा मारतं, हे शेवटी थेंब गाळत होतं. पंप-नोझलवाल्याने आतली सुई काढून बोटावर घेतली आणि भिंगातून दाखवली, तिच्यावर तांबूस डाग होते. "गंज. पाण्याने. गाडी पावसाळ्यात उभी असते का? टाकी रिकामी ठेवून?" असायची. जून ते जानेवारी, फाटक्या ताडपत्रीखाली, तळाशी चार लिटर डिझेल ठेवून. रिकाम्या टाकीत दमट हवेतलं पाणी सुटतं, तळाला साचतं. मी त्यांना रॉकेलबद्दलही विचारलं. ते म्हणाले, यावरून तसं काही दिसत नाही.

आता खरं सांगायचं तर यातून एवढंच सिद्ध झालं की गाडी का बंद पडत होती आणि नोझल का गेलं. कुलपाच्या आधी डिझेल जास्त का जात होतं, हे सिद्ध झालं नाही. तीन सिलिंडरवर चालणारी गाडी डिझेल जास्त पिणारच, आणि तेवढं कारण मला पुरेसं वाटतं. पण तात्यांनी कधीच एक लिटरही इकडचं तिकडे केलं नाही, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. मुद्दा असा की तसं कुणी मला विचारलंही नव्हतं. मला गाडीबद्दल विचारलं होतं आणि मी माणसाबद्दल बोललो होतो.

तात्यांकडे मी एकटाच गेलो. काका म्हणाले, "तू जा आधी." काकूने अर्धी पेटी आंबे दिले, ते घेऊन जाताना मला फार संकोच वाटत होता, पण न नेता जाणं आणखी वाईट दिसलं असतं. पालीच्या पुढे आत वाडीत त्यांचं घर. अंगणात ते कोकमं वाळत घालत होते. मला बघून हात पुसले, आत हाक मारून पाणी आणि गूळ मागवला, आईची तब्येत विचारली. गाडीचं नाव काढलं नाही.

मीच सांगितलं. पहिल्यापासून, म्हणजे फोनवर मी रॉकेल म्हणालो तिथपासून. ते वाक्य बोलताना मी कोकमांकडे बघत होतो. नोझल, लेव्हलची नळी, कॅन, फुल टाकी, सगळं सांगितलं. तात्या मधे एकदाच बोलले. लेव्हलच्या नळीचं ऐकून "वा" म्हणाले. माझं सांगून झालं, मी माफी मागितली, ती नीट मागता आली नाही. ते थोडा वेळ गप्प होते.

मग म्हणाले, "आता काय केलंत? भोक पाडलंत का झाकणाला?"

म्हटलं, "नाही अजून. कुलूप न लावता तसंच ढिलं ठेवलंय, वर फडकं बांधून."

"फडकं नको. पाऊस वाईच आठ-दहा दिवसांवर आलाय. फडक्यातून पाणी जाईल आत, परत नोझल जाईल." मग जरा थांबून म्हणाले, "जुनं झाकण गाडीतच आहे. सीटच्या खाली पेटी आहे ना, जॅकच्या मागं बघा. कापडात गुंडाळून ठेवलंय मी."

ते परत आमच्या गाडीवर आले नाहीत. त्या वर्षीही नाही आणि पुढेही नाही. एका व्यापाऱ्याचा टेंपो त्यांना मिळाला होता, पगारही बरा होता. काका त्यांच्याकडे गेले, पण ते थेट दिवाळीत. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. त्या गणपतीत ओटीवर एवढा विषय निघाला, तेव्हाही काकांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

तात्यांकडून मी घरी आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. काका अंगणातच उभे होते. मी म्हटलं, सीटखाली बघायचंय. त्यांनी बॅटरी आणली. सीट उचलली, पेटी उघडली, जॅक बाजूला केला. मागे, कोपऱ्यात, तात्यांच्या जुन्या खाकी शर्टाच्या बाहीत गुंडाळलेलं झाकण होतं. पुसून ठेवलेलं, गंजू नये म्हणून वर तेलाचं बोट फिरवलेलं. काकांनी ते बॅटरीच्या उजेडात उलटसुलट करून बघितलं. मग तोंडाशी नेलं आणि भोकातून फुंकर मारली. पलीकडून वारा माझ्या हाताला लागला.